टॉर्क रेंच घेताना: क्लिकचा, काट्याचा की डिजिटल?

दुचाकी आणि चारचाकी दोन्ही करणाऱ्या छोट्या गॅरेजने टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच कसायचा पाना) घेताना ब्रँडच्या आधी आपल्या हाताखालून रोज कुठले बोल्ट जातात ते पाहावं. इंजिन कव्हरचा एम६ (६ मिमी व्यासाचा) बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला (टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, मोजायचं एकक) कसतात, कारच्या चाकाचे नट बहुतेक ८५ ते १२० ला. ही दोन टोकं एका रेंचमध्ये बसत नाहीत. क्लिक रेंचचा (ठरवलेला टॉर्क आला की टक वाजणारा) भरवसा सहसा कमाल क्षमतेच्या २० टक्क्यांपासून वरच धरतात, म्हणजे २०० चा रेंच ४० च्या खाली कामाचा नाही.

म्हणून दोन घ्या: ३/८ इंची (सॉकेट बसतं त्या चौकोनाचं माप) १० ते ५० आणि १/२ इंची ४० ते २००. लहान रेंच ५ ते २५ चा घेतला तर २५ ते ४० ची जागा रिकामी राहते, आणि कित्येक कारचे ऑइल ड्रेन बोल्ट नेमके तिथेच येतात. दुचाकीचं काम जास्त असेल तर १/४ इंची ५ ते २५ चा तिसरा रेंच पैसे वसूल करतो. अॅल्युमिनियममधले एम६ चे आटे एकदा गेले की हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो.

आता प्रकार. काट्याच्या रेंचमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. दांडी वाकते, काटा जागेवर राहतो, उलट्या आट्यांवरही तो तसाच चालतो. काटा शून्यावरून सरकला तर हलकेच वाकवून परत आणता येतो. अडचण एवढीच की आकडा समोरून, सरळ नजरेने वाचावा लागतो. गाडीखाली आडवं पडून ते जमत नाही.

रोजच्या कामाला क्लिकचाच बरा. पण टक झालं की हात थांबला पाहिजे. खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढलं की बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त कसला जातो. कमी टॉर्कवर टक इतकी हलकी असते की कंप्रेसर चालू असताना कळतही नाही, आणि लहान बोल्ट तुटतात ते बहुतेक असेच. हात मुठीच्या मध्यावर ठेवा. काम झालं की स्प्रिंग स्केलच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणा, त्याच्याही खाली नको. आणि या रेंचने नट सोडवू नका.

डिजिटलमध्ये आवाज, दिवा, बऱ्याच मॉडेलांत थरथरही असते, त्यामुळे गोंगाटात चूक होत नाही. खरा फायदा अंश मोजणाऱ्या मॉडेलचा. इंजिनच्या हेडचे बोल्ट आधी टॉर्कला आणि मग ठरावीक अंश फिरवून कसायचे असतील तर ते सोपं होतं. मात्र महिन्यात एखादंच हेड उघडत असेल तर क्लिक रेंच, लांब दांडा आणि वेगळा अँगल गेज (किती अंश फिरलं ते दाखवणारा) एवढ्यात भागतं. डिजिटल रेंच हातातून पडला, सेल संपला की काम थांबतं.

खोक्यावर ±४% लिहिलेलं असतं, पण ते कशाचे हे विचारा. आयएसओ ६७८९ या आंतरराष्ट्रीय मानकात १० न्यूटन-मीटरवरच्या क्लिक रेंचला दाखवलेल्या आकड्याच्या ±४% ची मुभा आहे. तेच ४% पूर्ण स्केलचे असतील तर २०० च्या रेंचमध्ये ८ न्यूटन-मीटर होतात, आणि ४० वर ती चूक २०% भरते. सोबत त्या रेंचच्या नंबरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र हवं. ५००० वेळा वापर किंवा १२ महिने, जे आधी होईल तेव्हा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घ्या.

रेंच अचूक असूनही बोल्ट चुकीचा कसला जातो, त्याचं मोठं कारण तेल. लावलेल्या टॉर्कपैकी जेमतेम १०% बोल्टला ताण देतो, बाकी घर्षणात जातो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट आट्यांवर लावला तर ताण बराच वाढतो.

रेंचच्या पुढे सरळ रेषेत क्रोफूट (नटाला बाजूने धरणारा, उघड्या तोंडाचा जोड) लावला तर सेटिंग कमी करावं लागतं. रेंचची लांबी ४०० मिमी, जोड ५० मिमी आणि हवेत १०० न्यूटन-मीटर, तर १०० × ४०० ÷ ४५०, म्हणजे साधारण ८९ वर लावा. सॉकेटच्या उभ्या एक्स्टेन्शनला हा हिशेब लागत नाही.