सिस्टमडी-जर्नल-गेटवेडी : सहा महिने वापरल्यावर

लिनक्स मशिन आपल्या घडामोडींच्या नोंदी ज्यात ठेवतं ते जर्नल ब्राउझरमधून वाचू देणारा छोटा प्रोग्राम म्हणजे हा गेटवेडी. आमच्या ऑफिसात चार लिनक्स मशिनं आहेत आणि ती सांभाळणारी मी एकटी. कुठे काही अडलं की आधी एसएसएचनं दुरून त्या मशिनमध्ये शिरायचं, मग जर्नलसीटीएल ही कमांड देऊन नोंदी वाचायच्या. फोनवरून तर ते नकोसंच व्हायचं. डेबियनवर सिस्टमडी-जर्नल-रिमोट हे पॅकेज टाकलं, त्यातलं गेटवेडीचं सॉकेट (कोणी पोर्टवर आलं की प्रोग्राम सुरू करणारी सोय) चालू केलं, आणि १९५३१ पोर्टवर त्या मशिनचं जर्नल ब्राउझरमध्ये हजर. सेटिंगची फाइल उघडावीसुद्धा लागली नाही.

ब्राउझचं पान अगदी साधं आहे, दिसायला जुनाट म्हणा. खरी मजा एन्ट्रीज या पत्त्यात. मागाल तसं साधा मजकूर किंवा जेसन (प्रोग्रामांना वाचायला सोपी मांडणी) मिळतं, पत्त्यापुढे फॉलो जोडलं की नव्या नोंदी येत राहतात, आणि युनिटचं, म्हणजे मशिनवरच्या एखाद्या सेवेचं, नाव दिलं की तेवढ्याच गाळून मिळतात. बूट जोडायला मात्र विसरू नका; त्यानं मशिन शेवटचं सुरू झाल्यापासूनच्याच नोंदी येतात. पहिल्या दिवशी मी विसरले, तर सगळ्यात जुन्या नोंदीपासून धबधबा सुरू झाला आणि फोन गरम!

मोठी खोट एकच: पासवर्ड विचारण्याची सोयच नाही. सर्टिफिकेट देऊन एचटीटीपीएस करता येतं, पण तेवढं करूनही पोर्ट उघडा ठेवलात तर नेटवर्कवरचा कोणीही तुमच्या नोंदी वाचेल. मी तो व्हीपीएनच्या, म्हणजे आमच्या खाजगी नेटवर्कच्या, आत ठेवलाय.

चारही मशिनच्या नोंदी एकत्र साठवायच्या असतील तर हे ते नव्हे. त्याला त्याच पॅकेजातला जर्नल-रिमोट हा दुसरा प्रोग्राम. पाचपैकी चार तारे.