६५ लिटरची सॅक: आठ महिने, चार ट्रेक

आधीच सांगते, सॅक चांगली आहे. माझी तक्रार तिच्या आकाराबद्दल आहे आणि ती दुकानात पाठीला लावून दोन फेऱ्या मारल्यावर कळण्यासारखी नव्हती.

आठ महिन्यांत चार ट्रेक झाले, तीन ते सहा दिवसांचे. दर वेळी सहा जण, मुक्काम तंबूत. पहिल्या ट्रेकच्या आदल्या रात्री माझं सगळं भरून झालं तरी वर वीतभर जागा उरली, तेव्हा मी खूश होते. सकाळी सामायिक सामानाची वाटणी सुरू झाली आणि सगळ्यांचं लक्ष त्या वीतभर जागेकडे गेलं. "तुझ्यात बसतंय ना, मग घे की." तंबू आला, भांडी आली, शेवटी कुणाचं तरी जर्किनही आलं. एकाकडे हुकचा काटा होता, त्यावर घरून ११ किलोची निघालेली सॅक साडेचौदा भरली. ओझं स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवावं असा ढोबळ हिशोब सांगतात. माझं वजन ५८, म्हणजे साधारण साडेअकरा किलो. ४८ लिटरची सॅक आणलेला, माझ्याहून चांगला २० किलोंनी जड मित्र मात्र दहा किलो घेऊन पुढे शीळ घालत चालला होता. त्याचा दोष नाही म्हणा, त्याच्या सॅकमध्ये खरंच जागा नव्हती.

दुसरी गंमत दोन दिवसांनी लक्षात आली. माणशी रोजचा कोरडा शिधा ६०० ते ७०० ग्रॅम धरला तर सहा जणांचं मिळून दिवसाला चार किलोंच्या आसपास सामान पोटात जातं. ज्यांच्या सॅकमध्ये शिधा, त्यांच्या सॅक रोज हलक्या होतात. तंबूवालीची होत नाही. उलट रात्री पाऊस झाला आणि सकाळी ओलाच फ्लाय (तंबूवरचं बाहेरचं कापड) गुंडाळावा लागला की ती जड होते. तेव्हापासून आम्ही दर संध्याकाळी काटा फिरवतो आणि वाटणी पुन्हा करतो. तंबूचे दांडे एकाकडे आणि कापड दुसऱ्याकडे असं वाटायचं असेल तर ते दोघं एकत्र चालणारे हवेत. आमचे दांडे एकदा तासभर मागे राहिले होते. आम्ही पावसात कापड डोक्यावर धरून उभे.

आता पाठीच्या मापाबद्दल, कारण निम्मी सॅक तिथेच जमते किंवा बिघडते. मी आधी उंचीवरून अंदाज बांधला होता आणि तो चुकला. मान खाली घातली की मानेच्या तळाशी मणक्याचा जो उंचवटा हाताला लागतो तिथपासून, कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडांवर दोन्ही अंगठे टेकवले की त्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत, टेप लावायची. माझं माप ४३ सेंटिमीटर निघालं आणि सॅक मी ४८ वर लावून चालत होते. कंबरपट्टा घसरून कुल्ल्यांवर यायचा, सगळा भार खांद्यांवर, रात्री मान वळत नसे. पाठीचा भाग खाली-वर सरकवता येतो ही या सॅकची सगळ्यात मोठी जमेची बाजू. माप बरोबर लावल्यावर तीच सॅक, तेच वजन, पण चाल वेगळी. वरचे छोटे पट्टे खांद्यापासून सॅककडे साधारण ४५ अंशांत वर जातात का, हे कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. स्वतःला ते दिसत नाही.

कंबरपट्ट्याचं महत्त्व मला तिसऱ्या ट्रेकला बकल तुटल्यावर कळलं. विश्रांतीला सॅक खडकावर आपटून ठेवली आणि बकल नेमकं खाली आलं. चूक माझी, पण बकल शिवणीत पक्कं बसवलेलं आहे, वाटेत बदलता येत नाही, ही चूक कंपनीची. अर्धा दिवस दोरीची गाठ मारून चालले. गाठ दर दहा मिनिटांनी सैल व्हायची आणि १३ किलो खांद्यांवर यायचे. मुक्कामावर एका मैत्रिणीकडे न शिवता अडकवता येणारं जास्तीचं बकल निघालं. नेमकं मापाचं होतं म्हणून सुटका.

पाण्याच्या बाटलीचे कप्पे फार उभे आहेत. सॅक पाठीवर असताना माझा हात पोचत नाही. एकटीने चालताना हे खपलं असतं. ग्रुपमध्ये मी थांबले की मागचे थांबतात, मग कुणाला तरी बूट बांधायचे असतात, कुणाला फोटो काढायचा असतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला आडाखा अजून वापरतात: ढोबळमानाने पाच किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाईला आणखी एक. आमच्या १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाईच्या दिवसाला त्या हिशोबाने चार तासही लागायला नकोत. आम्हाला साडेसहा लागले. सगळं खापर बाटलीवर फोडत नाही, पण आता खांद्याच्या पट्ट्याला छोटी बाटली लटकवते.

पावसाचं कव्हर सोबत येतं, त्यावर विसंबू नका. पाठ आणि सॅक यांच्यामधून पाणी उतरतं आणि खालून कापडात मुरतं. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून त्यात स्लीपिंग बॅग आणि कपडे भरते, तेव्हापासून सगळं कोरडं. घरी आल्यावर सॅक पूर्ण वाळवूनच ठेवा, ओलसर राहिली तर आतला लेप चिकट होऊन सोलवटतो. माझा अजून शाबूत आहे. तळाचं कापड दोन ठिकाणी घासलंय, भोक नाही. चेन ठणठणीत. कंबरपट्टा चालताना करकरायचा, मागचा माणूस वैतागला. आतल्या पट्टीला मेणबत्ती घासली, आवाज गेला.

पुन्हा घ्यायची झाली तर हीच घेईन, फक्त ५० लिटरची. सध्या निघण्याआधी वरची जागा बाहेरच्या पट्ट्यांनी आवळून टाकते आणि वाटणीच्या वेळी काटा सगळ्यात आधी माझ्या सॅकला लावायला लावते.