परदेशी जाणारा कंटेनर: लाइनचा, स्वतःचा की कापून बनवलेला?

भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातून पूर्वी माल कंटेनरमध्ये भरून जायचा. आता पुष्कळदा कंटेनरच माल होऊन जातो. जलशुद्धीकरण प्रकल्प, डीजी सेट, स्विचगिअर किंवा बॅटरीची खोली वीसफुटी नाहीतर चाळीसफुटी डब्यात बसवायची, वायरिंग आणि एसी इथेच करायचे आणि पलीकडे उतरवून फक्त केबल जोडायची. गिऱ्हाइकाला हे सोयीचं पडतं आणि आपल्याकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांचा हातही त्यात चांगला बसला आहे. अडतं एका ठिकाणी. माल तयार होतो, रंग वाळतो आणि जहाजावर माल पोचवण्याची व्यवस्था बघणाऱ्या फॉरवर्डरचा निरोप येतो: ‘सीएससी प्लेटचा फोटो पाठवा.’ ही प्लेट म्हणजे डबा सुरक्षित असल्याच्या मान्यतेची पाटी. मग धावपळ सुरू होते.

ऑर्डर हातात आहे पण डबा अजून घेतलेला नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. तुमच्यापुढे चार रस्ते आहेत. शिपिंग लाइनचा कंटेनर वापरणं, स्वतःचा पण धक्का न लावलेला कंटेनर पाठवणं, फेरफार केलेल्या कंटेनरला नव्याने मान्यता घेणं, किंवा तो प्लेटशिवाय साधा माल म्हणून फ्लॅट रॅकवर, म्हणजे छत आणि बाजूच्या भिंती नसलेल्या कंटेनरवर, चढवणं. यातला कोणता घ्यायचा हे डब्याला पहिला कट मारण्याआधी ठरलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नंतर ठरवायला बसलात तर पहिले दोन रस्ते आधीच बंद झालेले असतात आणि तिसऱ्याची किंमत वाढलेली असते.

प्लेट काय सांगते

सुरक्षित कंटेनरांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७२ साली झाला आणि १९७७ पासून लागू आहे. भारत त्याचा सदस्य आहे. या कराराच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजे सीएससी. दरवाज्यावर रिव्हेट मारून बसवलेली, किमान २०० बाय १०० मिलिमीटरची ही प्लेट असते. मान्यता कोणत्या देशाची आणि तिचा क्रमांक काय, डबा कोणत्या महिन्यात बनला, उत्पादकाने दिलेला क्रमांक, कमाल एकूण वजन, डोक्यावर किती भार चालेल आणि आडव्या रेट्याला चौकट किती टिकते, एवढं तिच्यावर कोरलेलं असतं.

नेहमीच्या डब्यावर कमाल एकूण वजन बहुधा ३०,४८० किलो दिसेल आणि रचाईचा भार १,९२,००० किलो किंवा त्याहून जास्त. १,९२,००० म्हणजे प्रत्येकी २४ टनांचे आठ डबे डोक्यावर. जहाज लाटांवर वरखाली होतं तेव्हा खालच्या डब्याला हा भार वाढलेला जाणवतो, म्हणून हिशेब १.८ पटीने करतात. चार कोपऱ्यांत वाटला तर एकेका खांबावर ८६,४०० किलो येतात. तुमचा डबा तळाच्या थरात गेला आणि त्याचा एक खांब बसला, तर वरची सगळी रास ढासळू शकते. लॅशिंग करणारी, म्हणजे जहाजावर डबे बांधणारी माणसं त्याच रांगांमधून चालत असतात. प्लेटचा विचार मी त्या माणसांपासून सुरू करतो आणि सर्व्हेच्या फीवरून घासाघीस करणाऱ्यांना हेच सांगतो.

लाइनचा कंटेनर

तुमचं यंत्र स्किडवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, बसवून डब्यात सरकवता आणि पलीकडे बाहेर काढता येत असेल, तर पुढचं वाचण्याची फारशी गरज नाही. लाइनचा कंटेनर घ्या. त्याची तपासणी, प्लेट, क्रमांक सगळी जबाबदारी लाइनची. तुम्ही फक्त रिकामा डबा आला की आत उभं राहून दरवाजा लावून घ्या, कुठून उजेड येतो का पाहा, दरवाज्यावरची प्लेट वाचा आणि मगच स्टफिंग करा, म्हणजे माल भरा. दिघी किंवा तळेगावच्या आयसीडीतून, म्हणजे बंदरापासून आत असलेल्या कंटेनर डेपोतून, माल पाठवा नाहीतर कारखान्यात भरून थेट न्हावा शेवाला, यात फरक पडत नाही.

एकच खाच आहे. ठरलेले मोफत दिवस संपले की लाइन रोजचं डिटेन्शन, म्हणजे डबा अडकवून ठेवल्याचा आकार, लावते. गिऱ्हाईक बंदरापासून दूर, जमिनीने वेढलेल्या देशात असेल आणि डबा परत यायला वेळ लागणार असेल, तर हा आकडा जहाजाच्या भाड्याच्याही पुढे जाऊ शकतो. असं असेल तर पुढचा रस्ता बघावा.

स्वतःचा, न कापलेला कंटेनर

लाइनच्या भाषेत याला एसओसी म्हणतात, म्हणजे माल पाठवणाऱ्याच्या मालकीचा डबा. परत करायची भानगड नाही, डिटेन्शन नाही. पण प्लेट, तपासणी आणि क्रमांक यांची जबाबदारी आता तुमची. मालकाची अक्षरं पॅरिसच्या बीआयसी या संस्थेत नोंदवावी लागतात. तीन अक्षरं, चौथं यू, मग सहा आकडे आणि शेवटी एक पडताळणीचा आकडा. जुना डबा घेतला असेल तर जुन्या मालकाची अक्षरं पुसलीच पाहिजेत.

नवा घ्यायचा की वापरलेला, हा खरा पेच. एकच फेरी झालेला, बाजारात ज्याला ‘वन ट्रिप’ म्हणतात तो डबा महाग पडतो, पण त्याची पहिली तपासणी अजून बरीच लांब असते. वापरलेल्या डब्याच्या बाबतीत दोन विशेषणांची गल्लत होते. ‘वॉटर टाइट’ म्हणजे पाणी आत येत नाही, एवढंच. साइट ऑफिस किंवा गोदाम करायला ते पुरेसं आहे. जहाजावर चढवायचा तर ‘कार्गो वर्दी’, म्हणजे माल वाहून न्यायला लायक, हवा आणि तसा सर्व्हे रिपोर्ट हातात हवा. पुण्यात विकायला असलेले कितीतरी डबे वर्षानुवर्षं मातीवर बसलेले असतात. बाहेरून ताजा रंग आणि खाली क्रॉस मेंबर, म्हणजे तळाचे आडवे बार, गंजून पोकळ. म्हणून डबा ठोकळ्यांवर उचलून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

कागदांतही एक सापळा आहे. लाइनचे डबे भारतात सीमाशुल्क न भरता येतात, ते ठरलेल्या मुदतीत परत बाहेर जातील या अटीवर. तोच डबा इथे विकायचा तर शुल्क भरलेलं असावं लागतं. विक्रेत्याकडून बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा सीमाशुल्काचा कागद, मागा. ‘नंतर देतो’ म्हणाला तर दुसरा विक्रेता शोधा.

आता तपासणी. करारात दोन पद्धती आहेत. पहिली ठरावीक मुदतीची: बनल्यापासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी आणि त्यानंतर जास्तीत जास्त दर ३० महिन्यांनी एक. मार्च २०२० मध्ये बनलेल्या डब्याची पहिली तपासणी मार्च २०२५ पर्यंत आणि त्याच महिन्यात झाली असेल तर पुढची सप्टेंबर २०२७ पर्यंत. पुढच्या तपासणीचा महिना प्लेटवर किंवा तिच्या शेजारी स्टिकरवर लिहितात. दुसरी पद्धत सतत तपासणीची. तिला एसीईपी म्हणतात. हजारो डबे बाळगणाऱ्या लाइन आणि लीजिंग कंपन्या ती वापरतात. प्रत्येक मोठ्या दुरुस्तीच्या किंवा देण्याघेण्याच्या वेळी डबा तपासला जातो आणि ३० महिन्यांची मर्यादा तिथेही आहेच. दोनचार डबे असलेल्या पुणेरी उद्योजकाने पहिलीच घ्यावी.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वापरलेल्या डब्यावर एसीईपीचं स्टिकर पाहून ‘सर्टिफिकेट चालू आहे’ असं विक्रेता सांगतो. तो कार्यक्रम जुन्या मालकाच्या नावाचा असतो. मालकी बदलली की ते स्टिकर तुमच्या कामाचं राहत नाही. ते काढून स्वतःच्या नावाने तपासणी करून घ्यावी लागते.

सर्व्हेअर काय बघतो? कोपऱ्याचे खांब, वरचे-खालचे रेल (लांबीच्या कडांचे बार), दरवाज्याची चौकट, कॉर्नर कास्टिंग (कोपऱ्यांतले ओतीव पोलादी ठोकळे), तळाचे आडवे बार, दरवाज्याच्या कड्या. खांब ५० मिलिमीटरहून जास्त वाकला असेल किंवा त्याला तेवढी लांब चीर असेल, तर तो गंभीर दोष धरतात आणि डबा तिथेच थांबतो. वरच्या रेलला वाकण्याची मर्यादा ६० मिलिमीटर आहे. माझा सल्ला असा की सर्व्हे खरेदीच्या आधी, उरण-द्रोणागिरीच्या यार्डातच करून घ्यावा. नापास डबा घाट चढवून वर आणायचा आणि पुन्हा खाली न्यायचा, हा खर्च कुणालाच परवडत नाही.

कापलेला डबा, नवी मान्यता

दरवाजा, खिडकी, एक्झॉस्टची जागा कापली की गोष्ट बदलते. कंटेनरच्या नागमोडी पत्र्याच्या भिंती नुसत्या आडोशाच्या नसतात. आडवा रेटा त्याच पेलतात. कराराप्रमाणे रचनेत बदल केलेल्या डब्याच्या मालकाने मान्यता देणाऱ्या प्रशासनाला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला कळवायचं असतं आणि त्या संस्थेला पुन्हा चाचणी मागण्याचा अधिकार आहे. मूळ मान्यता रद्द व्हावी एवढा बदल असेल, तर जुनी प्लेट काढून टाकणं मालकावर बंधनकारक आहे. चाकणला एका शेडमध्ये मी लांबीची पूर्ण भिंत काढलेला चाळीसफुटी पाहिला होता आणि दरवाज्यावर जुनी प्लेट पुसून लखलखीत केलेली. ती प्लेट खोटं बोलत होती आणि तिच्यावर विश्वास ठेवून कुणीतरी त्या डब्यावर आठ डबे चढवले असते.

आपल्याकडे हे काम जहाजांची बांधणी तपासून प्रमाणित करणाऱ्या वर्गीकरण संस्था करतात. पवईची इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, ब्युरो व्हेरिटास, लॉइड्स रजिस्टर अशा. आधी ड्रॉइंग आणि ताकदीचा हिशेब पाठवायचा, मग त्यांच्या शेऱ्यांप्रमाणे बदल, मग सर्व्हेअरसमोर चाचणी. चाचण्या सौम्य नसतात. वरच्या कोपऱ्यांतून उचलताना डब्याचं आणि आतल्या वजनाचं मिळून कमाल वजनाच्या दुप्पट भरतं. बाजूच्या भिंतीवर भरावाच्या वजनाच्या ०.६ पट, टोकाच्या भिंतीवर ०.४ पट दाब. शिवाय रचाई आणि आडवा रेटा. या सगळ्यासाठी सामग्री असलेली जागा लागते आणि आत महागडं पॅनेल बसवून झाल्यावर चाचणी करायची कुणाची छाती होत नाही. म्हणून चाचणी रिकाम्या, फक्त कापून मजबूत केलेल्या डब्यावर व्हावी, असं वेळापत्रक पहिल्या दिवसापासून आखा.

डिझाइनमध्येच बरंच वाचवता येतं. खांबांना आणि रेलना हात लावू नका. उघड्या जागेभोवती चौकोनी पाइपची चौकट घ्या. प्रवासात ती जागा बोल्ट लावलेल्या पोलादी पत्र्याने बंद करा. एसीचं बाहेरचं युनिट, एक्झॉस्ट, शिडी यांपैकी काहीही डब्याच्या ठरलेल्या मापाबाहेर डोकावता कामा नये. सुटं करून आत बांधून पाठवा. रचाईची ताकद कमी ठेवूनही मान्यता मिळू शकते. तेव्हा डब्यावर तसं ठळक लिहावं लागतं आणि जहाजावर तो वरच्या थरात जातो. मात्र प्रत्येक लाइन असा डबा घेत नाही, आधी लेखी विचारा.

एकाच डिझाइनचे बरेच डबे जाणार असतील तर नमुन्याला मान्यता घेता येते आणि खर्च सगळ्यांवर वाटला जातो. एकट्या डब्यासाठी मात्र हा सगळा पसारा मी सहसा सुचवत नाही.

प्लेटशिवाय, फ्लॅट रॅकवर

इथे तुमचा डबा कायद्याच्या नजरेत कंटेनर राहत नाही, माल होतो. प्लेट असते ती खालच्या फ्लॅट रॅकला. ऐकायला सोपं वाटतं, पण मापं बघा. वीसफुटी डब्याची लांबी ६.०६ मीटर. वीसफुटी फ्लॅट रॅकच्या दोन टोकांमध्ये तो बसत नाही, म्हणून चाळीसफुटी रॅक घ्यावा लागतो. उंची रॅकच्या टोकांच्या वर जाते, म्हणजे त्याच्यावर दुसरं काही रचता येत नाही. लाइन त्या वाया गेलेल्या जागेचेही पैसे लावते. चाळीसफुटी डबा तर उभ्या टोकांच्या रॅकमध्ये मावतच नाही. त्याला टोकं पाडलेला रॅक किंवा सुट्या मालाचं जहाज शोधावं लागतं.

आणि पलीकडचं टोक विसरू नका. प्लेट असलेला डबा कुठल्याही कंटेनर ट्रेलरवर ट्विस्टलॉक, म्हणजे कोपऱ्यांतली फिरवून बसणारी कुलपं, लावून जातो. रॅकवरून उतरवलेल्या मालाला क्रेन आणि लो-बेड, म्हणजे बुटका ट्रेलर, लागतो. गिऱ्हाइकाच्या गावी तो मिळतो का, हे आधी विचारा.

तरीही एकच डबा आहे, मोठी भिंत कापली आहे आणि डिलिव्हरी जवळ आली आहे, अशा वेळी मी हाच रस्ता निवडेन. भाडं जास्त पडेल, पण मान्यतेची अनिश्चितता अंगावर राहत नाही. उलट ऑर्डर परत परत येणार असेल किंवा माल बंदरापासून आत खूप दूर जायचा असेल, तर नव्या मान्यतेचा खर्च एकदा सोसलेला बरा.

वजन

१ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. याला व्हीजीएम म्हणतात. २००७ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ एमएससी नेपोली हे जहाज अडकलं, तेव्हा डेकवरचे ६६० डबे वजन करून पाहिले. त्यांतल्या १३७ डब्यांचं वजन जाहीर केलेल्यापेक्षा तीन टनांहून जास्त वेगळं निघालं. फेरफार केलेल्या डब्यात चूक सहज होते, कारण दरवाज्यावर रंगवलेलं रिकामं वजन आता खरं नसतं. चौकटी, इन्सुलेशन, प्लायवूड धरून ते कितीतरी वाढलेलं असतं. काम झाल्यावर काट्यावर घेऊन नवा आकडा रंगवा.

शेवटी, ज्यांचा माल समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जायचा आहे त्यांच्यासाठी. तिथे उघड्या समुद्रात हलत्या जहाजावरून डबा स्लिंगने उचलतात. त्यासाठी डीएनव्ही २.७-१ (आता डीएनव्ही-एसटी-ई२७१) किंवा ईएन आयएसओ १०८५५ (२०१८ पर्यंत ईएन १२०७९) हे वेगळे निकष आहेत आणि सीएससी प्लेट त्यांची जागा घेत नाही. साध्या मालवाहू डब्यात वेल्डिंग करून तो ऑफशोअरचा होत नाही. त्याची चौकट मुळातूनच वेगळी बांधतात. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या पहिल्याच मेलला उत्तर देताना विचारून घ्या की डबा शेवटी कशावर उतरणार आहे, धक्क्यावर, ट्रेलरवर की प्लॅटफॉर्मवर.