नवीन कुलगुरू, जुनीच खिडकी: आमच्या युनिव्हर्सिटीच्या सर्व्हिसचा रिव्ह्यू (5 पैकी 3 स्टार)

आधीच सांगते, हा रिव्ह्यू शिकवण्याचा नाहीये, त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. हा आहे बाकीच्या सर्व्हिसचा, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरचे विषय आणि मार्क असलेला अधिकृत कागद), लायब्ररी, काउन्सेलिंग, जे जे फी भरल्यावर मिळायला हवं ते सगळं. आत्ता लिहितेय कारण नव्या कुलगुरू मॅडमनी येत्या शैक्षणिक वर्षाच्या प्रायॉरिटीज सांगितल्या आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी मी गेली 3 वर्षं अंगावर काढल्यात.

भाषणाला मुद्दाम गेले होते. 'एक्सलन्स' हा शब्द किती वेळा येतो ते मोजत होते, आठव्यांदा नाद सोडला. पण खरं सांगायचं तर बाई मुद्द्याचं बोलल्या. पहिली प्रायॉरिटी काय, तर विद्यार्थ्याला कुठल्याही कागदासाठी ऑफिसात यायला लागू नये. मागे बसलेली अख्खी रांग हसली, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

का हसली ते सांगते. मला मागच्या वर्षी ट्रान्सक्रिप्ट हवं होतं. पोर्टलवर फॉर्म भरला, फोटो दोनदा रिजेक्ट झाला, तिसऱ्यांदा तोच फोटो चालला, आणि शेवटी स्क्रीनवर आलं की या फॉर्मची प्रिंट काढून खिडकी नंबर 4 ला जमा करा. ऑनलाइन फॉर्मची प्रिंट! खिडकीतल्या काकांनी ती प्रिंट समोर ठेवून माझं नाव, नंबर, वर्ष सगळं परत एका जाडजूड रजिस्टरमध्ये हाताने लिहून घेतलं, पेन मध्येच बंद पडलं म्हणून माझंच पेन घेतलं, मग ती प्रिंट टाचणी लावून एका गठ्ठ्यात गेली. कागद हातात आला तेव्हा दुसऱ्या सेमिस्टरचा एक विषयच गायब. दुरुस्तीला वेगळा अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची सही, आणि सर रजेवर. एकूण 26 दिवस गेले, ॲप्लिकेशनची डेडलाइन दोन दिवसांवर आली होती.

भाषणानंतर आठवड्याने मैत्रिणीसोबत परत त्याच खिडकीवर गेले, म्हटलं बघू काय बदललंय. काका म्हणाले, "अगं बाळा, आमच्यापर्यंत सर्क्युलर कुठे आलंय अजून? मी माझ्या मनाने प्रिंट घेणं बंद केलं तर उद्या ऑडिटवाले मलाच धरतील." आणि त्यांचंही काय चुकलं हो? आत 5 टेबलं आहेत, त्यातल्या 2 वर माणूसच नाही, नुसते गठ्ठे. रिकाम्या जागा कधी भरणार यावर भाषणात एक वाक्य नव्हतं. माझा खरा आक्षेप तिथे आहे. पोर्टल कितीही भारी बनवा, गळलेला विषय परत टाकायचा अधिकार आणि त्यासाठी वेळ कोणाकडे आहे ते ठरवलं नाही तर रांग आहे तिथेच राहणार, फक्त आता ती पोर्टलवर पेंडिंग म्हणून दिसेल.

एआयच्या बाबतीत मात्र पूर्ण मार्क. आमच्याकडे चॅटजीपीटी आल्यापासून (म्हणजे नोव्हेंबर 2022 पासून) प्रत्येक वर्गाचा वेगळा कायदा चाललाय, एक सर म्हणतात बिनधास्त वापरा फक्त तसं लिहा, शेजारच्या वर्गात वापरलं तर शून्य. एका मित्राचा निबंध डिटेक्टरने (लिखाण एआयचं आहे का ते ओळखणारं सॉफ्टवेअर) एआयचा ठरवला, बिचारा कच्चे ड्राफ्ट घेऊन केबिन केबिन फिरला. अहो, खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं डिटेक्टर जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं, आणि त्याच वर्षीच्या एका अभ्यासात ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध या डिटेक्टर्सनी अर्ध्याहून जास्त वेळा चुकून एआयचे ठरवले होते. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की नुसत्या डिटेक्टरच्या आकड्यावर कोणावरही कारवाई होणार नाही, शंका आली तर समोर बसवून विचारा, आणि प्रत्येक विषयाचा नियम पहिल्याच आठवड्यात लेखी द्या. टाळ्या इथे खऱ्या पडल्या.

लायब्ररी रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवणार म्हणे, छान, पण चार्जिंगचे पॉइंट तेवढे चालू करा, खिडकीकडच्या टेबलांचे सगळे बंद आहेत. काउन्सेलिंगसाठी 'वेलनेस वीक' आहे. मला पहिली अपॉइंटमेंट 5 आठवड्यांनी मिळाली होती, फुगे लावलेला आठवडा नकोय, दुसरा काउन्सेलर हवाय.

जाता जाता एक गंमत. बोलोन्याची युनिव्हर्सिटी, जिची सुरुवात 1088 ची मानतात, तिथे मध्ययुगात रेक्टर (हॉस्टेलचे नव्हे, युनिव्हर्सिटीचे प्रमुख) विद्यार्थीच निवडायचे आणि लेक्चरला उशिरा आलेल्या प्राध्यापकाला दंड व्हायचा. मी मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, प्राध्यापकांचं राहू दे, खिडकीला लाव.

तर 3 स्टार. चौथा सर्क्युलर खिडकीपर्यंत पोचलं की देईन, एडिट करायला दोन मिनिटं लागतात. तोवर कोणाला ट्रान्सक्रिप्ट हवं असेल तर उघडल्या उघडल्या जा, प्रिंटच्या दोन कॉप्या न्या, स्वतःचं पेन न्या, आणि कागद हातात आला की तिथेच उभं राहून प्रत्येक सेमिस्टरचे विषय मोजा.