कुंद्याचा डबा की वाळूची टेकडी?

सिमेंटच्या कुंडीसाठी बेळगावात साचा विकत घ्यायची गरजच नाही. घरात कुंद्याचा, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईचा, रिकामा प्लास्टिकचा डबा असतोच, आत बसेल असा कागदी पेला घ्या. डब्याला आतून, पेल्याला बाहेरून तेल चोपडा. एक भाग सिमेंट, दोन भाग चाळलेली वाळू, पाणी बेताचंच. हे मिश्रण डबा आणि पेल्याच्या मधे ओता. पेल्यात खडे भरा, नाहीतर तो वर तरंगतो. डबा हलके आपटला की बुडबुडे फुटतात. २४ तासांनी पेला फाडून काढायचा. कड अगदी गुळगुळीत येते.

सिमेंटच्या वाडग्याला मात्र मला साचा म्हणून वाळूच आवडते. ओल्या वाळूची टेकडी थापायची, वर बोटभर जाड गिलावा, त्यावर ओलं फडकं. घट्ट झाल्यावर उलटा केला की आतून खरखरीत, प्रत्येक नग वेगळा. दोन सारखे हवे असतील तर डबाच बरा. आणि खानापूरकडच्या जुलैच्या पावसात हे उघड्यावर नको. टेकडीच वाहून जाते.

दोन्ही आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा. मजबुती येते, चुनाही उतरतो. कुंडीच्या तळाला भोक ठेवा. आणि हातमोजे घाला की हो, ओलं सिमेंट कातडी खातं.