आर्ट डिपार्टमेंटचं काम देतो म्हणाला आणि आमच्या गल्लीतली भांडी घेऊन गेला

कोल्हापुरात वेब सीरिजच्या आर्ट डिपार्टमेंटला (म्हणजे सेट आणि त्यावरचं सामान उभं करणाऱ्या विभागात) काम लावतो असं सांगून कुणी तुमच्याकडे पैसे मागितले किंवा ओळखीतून सामान गोळा करायला लावलं, तर आधी हे वाचा. आर्टचा डिप्लोमा करून नुकत्याच बाहेर पडलेल्या आणि गणपतीच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलामुलींनी तर नक्कीच वाचा, कारण हा माणूस तुम्हालाच शोधत येतो.

मी गंगावेशीतली. घरात मूर्तींचा कारखाना असल्याने साचे, पीओपी, रंगकाम लहानपणापासून हातात आहे. व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत आला: 1940 च्या काळातली सीरिज, शूटिंग पन्हाळ्यावर आणि कोल्हापूरच्या चित्रनगरीत, म्हणजे इथल्या शूटिंगच्या स्टुडिओत, लोकल आर्ट असिस्टंट पाहिजेत, अनुभवाची अट नाही. भेट स्टेशनजवळच्या एका लॉजवर ठेवली होती. माणूस पन्नाशीचा, बोलायला मऊ, आणि त्याला काम खरोखर येत होतं. ओळख पटावी म्हणून हे मुद्दाम सांगते. स्क्रिप्टमधून सीनवार प्रॉपर्टीची यादी कशी काढायची, नटाच्या हातात येणारं सामान आणि सेटवर नुसतं मांडायचं सामान वेगळं का ठेवायचं, सीन मध्येच थांबला की कंटिन्युइटीसाठी, म्हणजे पुढच्या वेळी सगळं जसंच्या तसं दिसावं म्हणून, मांडणीचे फोटो का काढायचे, कोरा कागद चहाच्या पाण्यात भिजवून जुनाट कसा करायचा, सगळं त्याने नीट समजावलं. मग तो कोल्हापूरचे जुने चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर यांच्याकडे वळला. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या हातांनी इथे सिनेमा उभा केला, त्यांच्याच हाताखाली दामले आणि फत्तेलाल तयार झाले, 1929 ला प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात सुरू झाली, 1933 ला पुण्याला गेली. ‘तुमच्या मातीतच कलादिग्दर्शन आहे, मुंबईची पोरं कशाला आणू?’ असं म्हणाला. यातला इतिहास खरा आहे. तो ऐकून आमच्यातल्या कुणाचे डोळे भरले नसतील असं नाही, आणि त्या अभिमानावर त्याने धंदा केला याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

पहिले पैसे ‘कार्ड’चे. युनियनचं कार्ड नसेल तर सेटवर उभं करत नाहीत, मी आतून करून देतो, म्हणून प्रत्येकाकडून यूपीआयने रक्कम घेतली. मुंबईत कलाकामगारांच्या आणि तंत्रज्ञांच्या संघटना आहेत, कार्डंही असतात, पण सभासदत्वाची फी संघटनेच्या ऑफिसात पावतीवर भरायची असते. लॉजवर बसलेल्या माणसाच्या खासगी नंबरवर ती कधीच जात नाही.

पण कार्डाचे पैसे हा त्यातला लहान भाग होता. खरा डाव सामानाचा. आम्हाला यादी मिळाली: तांब्याचा बंब, घंगाळ, हंडे, पितळी समया, परात, कंदील, जुना रेडिओ, शिसवी पेटारा. ‘तुम्ही इथले, तुमच्या शब्दावर लोक देतील.’ आधी एक छोटी टेस्ट शूट सांगून थोडंच सामान नेलं. प्रत्येक वस्तूचा फोटो, वहीत नोंद, चार दिवसांत सगळं पुसूनपासून परत, आणि वर भाडं रोख. गल्लीत त्याचं नाव झालं. दुसऱ्या वेळी टेम्पो भरला. शेजारच्या आज्जींनी लग्नातला बंब काढून दिला तेव्हा म्हणाल्या, ‘तू नेतीयास न्हवं, मग ने की.’ त्यांनी विश्वास माझ्यावर टाकला होता, त्या माणसाला त्या ओळखतही नव्हत्या.

आठवडाभर फोन लागत होता. ‘पावसामुळे शेड्यूल पुढे गेलंय.’ भाड्याचं विचारलं तर, ‘या लाईनीत 90 दिवसांनी पैसे मिळतात.’ मालिकांच्या क्षेत्रात मानधन 90 दिवसांनी देण्याची पद्धत खरंच आहे, म्हणून हे उत्तर पटतं. पण ती कामाच्या पैशांची गोष्ट आहे. लोकांच्या घरातलं सामान परत करण्याशी तिचा काही संबंध नाही. पुढे नंबर बंद झाला. तांबं-पितळ मोडीत वजनावर जातं आणि वितळलं की कुणाचं होतं ते ओळखता येत नाही.

यानंतर खऱ्या सेटवर काम केलेल्या दोघांशी बोलले. असिस्टंट खर्च करतो तो प्रॉडक्शनने किरकोळ खर्चासाठी आधी दिलेल्या रोख रकमेतून (पेटी कॅश), आणि बिलं लावून हिशोब देतो. भाड्याचं सामान प्रॉडक्शनच्या नावाने, चलनावर आणि डिपॉझिट भरून उचललं जातं. नव्या पोराच्या ओळखीवर काहीच उचलत नाहीत. चित्रनगरीत शूटिंग आहे म्हणाला तर मोरेवाडीला जाऊन तिथल्या ऑफिसात विचारा, त्या तारखांना त्या नावाचं बुकिंग आहे का. आम्हाला त्याने गेटपर्यंत नेलं आणि ‘आत लाइटिंग चालू आहे’ म्हणून बाहेरूनच परत आणलं. काम मिळतं ते आधीच आर्ट टीममध्ये असलेल्या कुणाच्या तरी हाताखाली, आणि त्यासाठी दाखवायला आपलं काम लागतं. मंडळाच्या देखाव्याचे, नाटकाच्या नेपथ्याचे, साच्यांचे फोटो चालतात. तेवढं आपल्याकडे भरपूर असतं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘तुम्ही स्वतःच दिलंय, मग चोरी कशी?’ चोरी नाहीच, पण विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली गुन्हेगारी विश्वासघात आहे आणि खोटं सांगून पैसे किंवा वस्तू काढून घेणं ही 318 खाली फसवणूक. हे कलमासह लेखी दिलं, मग तक्रार घेतली. यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे फिरायच्या आत कळलं तर समोरचं खातं गोठवता येतं. आम्ही तो फोन केला तोवर खातं रिकामं झालं होतं.

त्याच सुमाराला पन्हाळा, कागल, इचलकरंजी भागातूनही असं सामान गेल्याचं कानावर येतंय. ज्यांचं गेलं असेल त्यांनी यादी, वस्तूंचे फोटो आणि चॅट घेऊन आपल्या हद्दीतल्या ठाण्यात तक्रार द्या, म्हणजे सगळी प्रकरणं एकत्र जोडायला सांगता येईल. टेम्पो भरताना कुणी सहज व्हिडिओ काढला असेल तर तो मोबाईलमधून पुसू नका. आम्हाला अजून टेम्पोचा नंबर मिळालेला नाही.