परदेशातली डिक्री की इथला अर्ज?

लग्न महाराष्ट्रात झालं, संसार परदेशात झाला आणि आता दोघांचं वेगळं व्हायचं ठरलंय. अशा वेळी अर्ज राहत्या देशात करायचा की पुण्या-मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात, हा निर्णय मलाही घ्यावा लागला होता. मी इथला अर्ज निवडला. प्रत्येकाला तोच सोयीचा पडेल असं नाही, पण तिकडे फॉर्म भरण्याआधी काही गोष्टी माहीत असाव्यात. हे सगळं हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या लग्नांबद्दल आहे.

तिकडचा रस्ता दिसायला सरळ आहे. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2022 पासून कारणच द्यावं लागत नाही. अर्जानंतर 20 आठवडे, मग आणखी 6 आठवडे, की अंतिम आदेश, म्हणजेच घटस्फोटाची डिक्री. दोष सिद्ध करा, साक्षीदार आणा, असं काही नाही. एकमेकांवर चिखलफेक होत नाही ही मोठीच गोष्ट, आणि आपल्या कायद्याने ती शिकावी असं मला मनापासून वाटतं.

पण हाच मोकळेपणा भारतात आडवा येतो. परदेशी निकाल इथे अंतिम मानायचा, पण सहा अपवाद सोडून, असं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 13 सांगतं. घटस्फोटात त्यातले चार हमखास निघतात: त्या न्यायालयाला अधिकारक्षेत्र नव्हतं, निकाल गुणदोषांवर नव्हता, भारतीय कायदा लागू असून डावलला गेला, किंवा समोरच्याला बाजू मांडायची खरी संधी मिळाली नाही. 1991 मध्ये वाय. नरसिंह राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याची चौकट आखून दिली. त्यात लग्न तिरुपतीला झालेलं, घटस्फोट अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातून घेतलेला, आणि कारण विवाह पुन्हा जुळण्यापलीकडे मोडल्याचं. हे कारण हिंदू विवाह कायद्यात तेव्हा नव्हतं, आजही नाही. ती डिक्री इथे टिकली नाही. (2023 मध्ये घटनापीठाने या कारणावर घटस्फोट देता येईल असं म्हटलं खरं, पण राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खालचा तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे.)

त्याच निकालाने वाटाही मोकळ्या ठेवल्या आहेत. समोरची व्यक्ती कायमची तिकडेच राहते आणि तिथल्या न्यायालयाने आपलाच विवाह कायदा लावला, किंवा तिने स्वतःहून हजर राहून आपल्या कायद्यात बसणाऱ्या कारणावर खटला लढवला, किंवा घटस्फोटाला संमती दिली, तर परदेशी डिक्री इथे चालते. म्हणजे इंग्लंडमधला संयुक्त अर्ज बराच भक्कम. एकट्याने केलेला अर्ज, आणि बायको सातारला माहेरी, ही जोडी मात्र धोक्याची. त्या अर्जाची बजावणी सहसा टपालाने किंवा ईमेलने उरकली जाते. परदेशी कागदपत्रांच्या बजावणीबाबतच्या हेग करारात भारताने टपालाच्या बजावणीला हरकत नोंदवलेली आहे. कागद केंद्रीय कायदा मंत्रालयामार्फतच जायला हवेत, आणि त्यात महिने जातात. तिकडच्या वकिलांपैकी बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. मग हुकूम एकतर्फी होतो आणि दोन अपवाद एकदमच लागू पडतात. तिने फक्त अधिकारक्षेत्रावर हरकत घेणारं उत्तर पाठवलं असेल, तर त्यालाही संमती म्हणत नाहीत.

माझ्या लेखी पारडं झुकलं ते एका कटकटीमुळे. परदेशी डिक्री दाखवून ‘मान्य’ असा कायमचा शेरा मिळवावा, अशी एकही खिडकी भारतात नाही. डिक्री फाईलमध्ये असते आणि ज्याच्या टेबलावर जाईल तो तिच्याकडे नव्याने बघतो. पासपोर्टवरून जोडीदाराचं नाव काढताना, दोघांच्या नावावरचा फ्लॅट विकताना, दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीला, आणि शेवटी वारसांच्या वादात तोच प्रश्न येतो: ‘हे इथे चालतं का?’ उत्तर हवंच असेल तर कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 7 खाली वैवाहिक दर्जा जाहीर करून मागणारा दावा लावायचा. म्हणजे ज्या इमारतीत जायचं टाळलं तिथेच यायचं, तेही काही वर्षांनी, समोरच्याचा समंजसपणा आटल्यावर. तोवर दुसरं लग्न झालं असेल आणि डिक्री टिकली नाही, तर ते लग्न शून्यवत. शिवाय द्विविवाहाचा गुन्हा, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली इथे मिळालेल्या परस्पर संमतीच्या डिक्रीला हा प्रश्न कोणी विचारत नाही. अट एक वर्ष वेगळं राहण्याची. दुसरा अर्ज सहा महिन्यांनी करायचा असतो, पण 2017 पासून ही मुदत माफ होऊ शकते. वेगळं राहून दीड वर्ष झालं असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा ठरला असेल, तर पहिल्या अर्जानंतर आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो. दोघांनी विमानाने यावं असंही नाही. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुखत्यारामार्फत अर्ज आणि व्हिडिओवरून संमती, दोन्ही मान्य केलं.

इथे घोटाळा होतो तो मुखत्यारपत्रात. ‘सर्व न्यायालयीन कामे’ अशी मोघम भाषा पुरत नाही. घटस्फोटाच्या अर्जावर सही करणं, सत्यापन करणं, शपथपत्र देणं हे एकेक अधिकार नावानिशी लिहावे लागतात. दस्त परदेशी केला असेल तर भारतीय वकिलातीचं साक्षांकन किंवा ऍपॉस्टिल (कागद खरा असल्याचा त्या देशाच्या सरकारचा शिक्का) हवं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं. आईवडील कागद कपाटात ठेवतात आणि मुदत निघून जाते. दुसरा धोका मोठा: डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. त्यामुळे पैशाचा मोठा हप्ता दुसऱ्या अर्जाच्या दिवशीच द्यावा, हे बरं.

पोटगीच्या रकमेपुरतं तिकडचं पारडं कधी जड होऊ शकतं. ब्रिटन, सिंगापूर, आणि 2020 पासून संयुक्त अरब अमिरात, इथल्या ठरावीक वरिष्ठ न्यायालयांच्या पैशाच्या डिक्रीची दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44 अ खाली इथे थेट अंमलबजावणी होते. अमेरिका त्या यादीत नाही, तिथल्या निकालावर तीन वर्षांच्या आत नवा दावा लावावा लागतो. मुलांच्या ताब्याचा प्रश्न असेल तर दोन्हीकडे स्वतंत्र वकील लागतो, तो विषय इथे मावणारा नाही.

तिकडेच करायचं ठरलं तर अर्ज संयुक्त असू द्या, आणि दोघांच्या सहीचं एक निवेदन त्याला जोडा: लग्न कुठे, कोणत्या तारखेला, हिंदू विवाह कायद्याखाली झालं, वर्षाहून जास्त काळ आम्ही वेगळे राहतो, एकत्र राहणं शक्य नाही, या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राला आणि घटस्फोटाला आमची संमती आहे. नंतर ऍपॉस्टिल एकट्या डिक्रीवर घेऊन थांबू नका. डिक्रीत बहुतेक वेळा कारणही नसतं आणि संमतीही दिसत नाही. अर्ज, हे निवेदन आणि डिक्री, तिन्हींच्या प्रमाणित प्रतींवर घ्या. मिसुरीच्या त्या प्रकरणात न्यायालयाने नुसती फोटोकॉपी पुरावा म्हणून स्वीकारली नव्हती.